पंक्चर काढलं, पण काटा काढला का?



आपल्या भाषेत पंक्चर 'काढतात'. खरं तर पंक्चर बुजवायचं असतं आणि काढायचा असतो तो काटा. होतं मात्र उलटंच. भोकावर ठिगळ बसतं, काटा टायरात तसाच राहतो आणि ट्रॅक्टर वापसा गाठायला पळतो. चार दिवसांत त्याच चाकाची हवा पुन्हा गेली की मालकाचं ठरलेलं वाक्य येतं, "त्या पंक्चरवाल्यानं गंडवलं." पॅच बोगस, सोल्युशन बोगस, पोरगं बोगस.

आज मी त्या पंक्चरवाल्याच्या बाजूनं लिहायला बसलोय. बहुतेक वेळा काम बिघडतं ते त्याच्या हातानं नाही, तर शेजारी उभं राहून दर पाच मिनिटाला "झालं का? आटप की लवकर" म्हणणाऱ्या मालकामुळं. ही घाई ट्यूब खाते, टायर खाते, रान खराब करते आणि एखाद्या दिवशी माणूसही घेऊन जाते. कुणाला हे जास्त वाटत असेल तर शेवटपर्यंत वाचा, मग भांडा.

मालकाची बाजू मला माहीत नाही असं नाही. भारी काळ्या रानाचा वापसा किती टिकतो? आज पाय टाकला तर चिखल, परवा पाहिलं तर ढेकूळ. मधला एक दिवस आपला. त्यात ट्रॅक्टर भाड्याचा असला तर पुढचा गिऱ्हाईक फोनवर फोन करतोय. अशा वेळी चाक बसलं की जीव वरखाली होणारच. पण हिशोब करा. मागचं चाक जॅकवर घ्यायचं, बीड रिमवरून सोडवायचा, टॉम्या घालून टायर उलटायचा, ट्यूब ओढायची, पॅच मारायचा, परत सगळं उलट्या क्रमानं करायचं, हवा भरायची. रानात हे काम तासा-दीड तासाच्या आत होत नाही. टायर आतून नीट तपासायला लागतात दहा मिनिटं. ती दहा मिनिटं वाचवायची आणि आठवड्यानं परत दीड तास घालवायचा, हा कुठला हिशोब? आणि पंक्चर दुसऱ्यांदा होतं ते हमखास ट्रॅक्टर रानाच्या पार पलीकडच्या टोकाला असतानाच.

तपासायचं कसं, तेही सांगतो, कारण दुकानात हे कुणी करू देत नाही. ट्यूब बाहेर ओढण्याआधी व्हॉल्व्ह जिथं आहे तिथं टायरवर खडूनं खूण करा. ट्यूबची कुठली बाजू बाहेरच्या अंगाला होती तेही लक्षात ठेवा. ट्यूबला भोक सापडलं की ते व्हॉल्व्हपासून किती हात लांब आणि कुठल्या बाजूला, ते मोजा. तेवढ्याच अंतरावर टायरात शोधा, तिथंच गुन्हेगार बसलेला असतो. उघड्या हातानं चाचपू नका, तार असली तर बोट फाटतं. कापसाचा बोळा किंवा जुनं सुती फडकं आतून सगळ्या गोलात फिरवा. काट्याचं टोक ज्वारीच्या दाण्याएवढं जरी वर आलेलं असलं तरी कापूस अडकतो. बाभळीचा काटा, त्यातल्या त्यात वेड्या बाभळीचा, टायरात शिरला की बाहेरच्या अंगानं मोडून पडतो. वरून रबर मिटून जातं. बाहेरून पाहाल तर टायर कोरा करकरीत. पण चाक फिरताना टायर दबतो-सुटतो, तसा तो आतला तुकडा एक-एक केस पुढं सरकत राहतो. म्हणून पंक्चर लगेच दिसत नाही, चार दिवसांनी दिसतं. मग दोष पॅचला.

तूर आणि कपाशीची गोष्ट आणखी वेगळी. तूर काढताना कोयत्यानं तिरपा घाव घालतात. मागं राहतं ते धसकट नसतं, भाला असतो. उन्हाळाभर वाळून त्याचं लाकूड होतं. त्यावरून मागचं चाक गेलं की नुसतं भोक पडत नाही, टायरचे आतले दोरे तुटतात. अशा ठिकाणी ट्यूबला पॅच मारून भागत नाही. टायरला आतून गेटर बसवावा लागतो. तो नाही बसवला तर चाकाच्या प्रत्येक फेरीला ती चीर उघडते आणि मिटते, आणि ट्यूब तिच्यात कात्रीत धरल्यासारखी चिमटते. गेटरचे पैसे सांगितले की मालक म्हणतो, "राहू दे, पुढच्या वेळी बघू." पुढच्या वेळी ट्यूब फाटलेली असते, चीर वीतभर झालेली असते आणि पाच आकडी किमतीचा टायर बांधावर पडतो, शेळ्यांना बसायला.

इथं कृषीवाल्यांनाही एक चिमटा. पऱ्हाट्या आणि तुरीच्या धसकटांबद्दल तुम्ही बोंडअळी, सेंद्रिय कर्ब, जाळू नका, एवढं सगळं सांगता. बरोबरच आहे. पण जमिनीलगत आडवं कापा, नाहीतर ओल असतानाच उपटा, नाहीतर श्रेडर फिरवल्याशिवाय ट्रॅक्टर आत घालू नका, हे टायरसाठी म्हणून कुणी सांगत नाही. शेतकऱ्याला सेंद्रिय कर्ब दिसत नाही, फुटलेला टायर दिसतो. त्याच्या भाषेत सांगा, लगेच ऐकेल.

आता पॅच. दुकानात ज्याला सुलोचन म्हणतात ते सोल्युशन लावून लगेच पॅच दाबायचा नसतो. आधी ट्यूब कोरडी, मग घासणी, मग पातळ हात, आणि मग थांबायचं. बोट लावलं तर चिकट लागेल पण बोटाला येणार नाही, इतपत सुकू द्यायचं. ओल्यावर पॅच ठेवला तर आतला वास, म्हणजे त्यातलं उडून जाणारं द्रव, कोंडून राहतं आणि ट्रॅक्टर उन्हात तापला की पॅचच्या कडेला फुगवटा येतो. हे थांबणं पाच-सात मिनिटांचं. पण मालक शेजारी उभा असला की पोरगं फुंकर मारून मारून सुकवतं, तोंडाची वाफ लागून उलटं ओलं करतं. मोठं भोक असेल तर गरम पॅचच मारायचा, कच्चं रबर ठेवून दाबून शेकायचा. त्याला वेळ लागतो, लागू द्या. पॅचवर पॅच मात्र नको. अशी ट्यूब म्हणजे गोधडी आहे, तिला विहिरीत पोहायला द्या. आणि १६.९ च्या टायरात १३.६ ची ट्यूब "ताणून बसते" म्हणून घालणाऱ्यांना काय म्हणावं? बसते, पण ताणून पातळ होते. पातळ झालेल्या ट्यूबला काट्याचीही गरज लागत नाही.

ट्यूब घालताना संगजिऱ्याची पावडर मारली का, ट्यूबला आत घडी तर पडली नाही ना, व्हॉल्व्ह सरळ उभा आहे का, एवढं बघायला कौशल्य लागत नाही, नुसतं वाकावं लागतं.

हे झालं पैशाचं. आता जिवाचं.

उसाच्या हंगामात जड ट्रॉल्या चालतात. त्यातल्या बऱ्याच ट्रॉल्यांना ट्रकची चाकं असतात आणि त्यातल्या कित्येकांच्या रिमला लॉक-रिंग असते. ही रिंग म्हणजे टायरला रिमवर धरून ठेवणारी कडी. ती खाचेत पूर्ण बसलेली नसेल, गंजलेली असेल, वाकडी असेल किंवा दुसऱ्याच रिमची असेल, तर हवा भरताना ती सुटते. सुटते म्हणजे खाली पडत नाही, तोफेतून सुटल्यासारखी सुटते. १०० पौंड हवा म्हणजे एका चौरस इंचावर सुमारे ४५ किलो जोर. वीतभर लांब आणि वीतभर रुंद जागेवर किती होतो? साडेतीन टनांहून जास्त. आणि त्या रिंगच्या वर वाकून, एक पाय टायरवर ठेवून, हातोडीनं ठोकत हवा भरणारी पोरं तुम्ही बघितली नाहीत असं मला सांगू नका.

अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेच्या खात्यानं अशा तुकड्यांच्या रिमसाठी १९८० मध्येच वेगळा नियम केला. चाक पोलादी पिंजऱ्यात ठेवून हवा भरायची, पाईप लांब हवा, तो व्हॉल्व्हला चिमट्यानं लावून माणसानं बाजूला उभं राहायचं. ठरलेल्या हवेच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर पळालेलं चाक गाडीवर असतानाच फुगवायचं नाही. आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडायची, चाक उघडून पाहायचं. यात रॉकेटसायन्स काय आहे? तसा पिंजरा आपल्या तालुक्यातला कुठलाही फॅब्रिकेशनवाला जाड पाईप वाकवून बनवेल. एका ट्रॉली-मालकाला परवडत नसेल, पण ज्या गावातून हंगामात पंचवीस ट्रॉल्या कारखान्याला जातात तिथं वर्गणी काढून एक पिंजरा होत नाही? गावजेवणाला होते तेवढी वर्गणी. कुणी म्हणतं, आम्ही रिंगची बाजू खाली जमिनीकडं करतो. बरं करता, पण मग उडतं ते अख्खं चाक. तुम्ही वर वाकलेले असाल तर फरक काय पडला?

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला लॉक-रिंग नसते, म्हणून ते निरुपद्रवी असाही समज आहे. बीड रिमवर नीट बसला नाही की लोक हवा वाढवत नेतात. चाळीस, पन्नास, "टक्" आवाज येईपर्यंत. बहुतेक शेतीच्या टायरवर आणि टायर कंपन्यांच्या सूचनांत मर्यादा दिलेली असते, बीड बसवताना ३५ पौंडांच्या वर जायचं नाही. तेवढ्यात नाही बसला तर हवा सोडा, बीडला साबणाचं पाणी लावा, टायर सरळ करा, परत भरा. बीडच्या तारेला आधीच टॉमीनं इजा झालेली असेल तर ती तार पन्नास पौंडाला तुटते आणि एवढा मोठा टायर रिम सोडून उसळतो.

आणि दोन गोष्टी तर दिसताक्षणी बंद पाडा. पहिली, रिमला तडा गेला म्हणून टायर चढलेला असतानाच वेल्डिंग करणं. "हवा काढलीय ना" हे उत्तर चालत नाही. रिम तापली की आतल्या रबराचा, ग्रीसचा वायू होतो, तो आत कोंडतो आणि भडका घेतो. हवा काढलेला टायरसुद्धा असा फुटतो. टायर उतरवून, ट्यूब काढून, मोकळ्या रिमवर वेल्डिंग करा, नाहीतर रिम बदला. दुसरी, मोबाईलवरचे ते रील. टायरात पेट्रोल शिंपडायचं, काडी लावायची, धाड करून बीड बसतो आणि खाली हजारो लाईक. ज्यांचा टायर तसा बसला नाही, त्यांचा व्हिडिओ कोण टाकणार? गावातली पोरं ते बघून करून पाहतात. आपलं पोरगं करताना दिसलं तर पेट्रोलची बाटली आधी हिसकावून घ्या, समजावणं नंतर.

रानात जॅक लावतानाही तेच. नांगरलेल्या मातीत जॅक सरळ ठेवतात, वर टन-दीड टन वजन, जॅक हळूहळू रुततो आणि तिरका होतो. खाली जाड फळी लागते, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लागतात, मागचं अवजार जमिनीला टेकलेलं लागतं. चाकात पाणी भरलेलं असेल तर चाक खोलण्याआधी व्हॉल्व्ह खाली आणून पाणी सोडा. १३.६-२८ च्या टायरात पाऊण भाग पाणी म्हणजे दोनशे लिटरच्या आसपास. तेवढं दोनशे किलोचं ओझं चाकात ठेवून दोघांनी चाक कवेत घेऊन बाजूला ठेवायचं म्हणजे कंबर तरी जाते नाहीतर पाय. आणि पाणी परत भरताना पाऊणच, व्हॉल्व्ह वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत. पूर्ण भरलं तर हवेची गादीच राहत नाही, प्रत्येक दगडाचा धक्का सरळ टायरच्या दोऱ्यांना बसतो.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडं येतो, कारण यात मालक, ड्रायव्हर, दुकानदार आणि शास्त्रज्ञ सगळेच सामील आहेत. ती तक्रार हवेची.

पंक्चरचं काम कुठं संपतं? आपल्याकडं ते संपतं ड्रायव्हरनं टायरला लाथ मारली, किंवा टॉमी आपटून आवाज ऐकला, की. "बस्स झाली हवा." किती झाली? "व्यवस्थित." व्यवस्थित म्हणजे किती पौंड? याला उत्तर नाही. दुकानातल्या मीटरवर ट्रकसाठी दीडशे-दोनशेपर्यंत आकडे असतात, त्यात १२ आणि १८ मधला फरक सुई दाखवतच नाही. तुमच्या ट्रॅक्टरबरोबर मिळालेलं पुस्तक ट्रंकेत असेल, काढून बघा. चाळीस-पंचेचाळीस एचपीच्या ट्रॅक्टरला रानातल्या कामासाठी मागच्या चाकाला साधारण १२ ते १४ पौंड आणि पुढच्याला त्याच्या दुपटीच्या आसपास हवा लिहिलेली सापडेल. रस्त्यावर ओझं ओढायचं असेल तर मागं काही पौंड जास्त. नेमका आकडा टायरच्या मापावर आणि वजनावर आहे, म्हणून पुस्तकच बघा, माझं नका ऐकू.

प्रत्यक्षात काय होतं? ऊस वाहताना मागच्या चाकात पंचवीस-तीस पौंड ठासलेले असतात. हंगाम संपतो, तोच ट्रॅक्टर तेवढ्याच हवेवर रानात उतरतो. हिशोब सोपा आहे. टायर जमिनीवर जेवढा दाब टाकतो तो त्याच्या आतल्या हवेच्या आसपास असतो, टायर कडक असेल तर थोडा जास्तच. एका मागच्या चाकावर ६५० किलो वजन धरा. १२ पौंड हवेवर ते वजन पेलायला सुमारे ७७० चौरस सेंटीमीटर जमीन लागते. २४ पौंड केले की निम्मी, ३८५. तेच वजन निम्म्या जागेवर. मग चाक रुततं, घसरतं, डिझेल पितं आणि वापशातली ओली माती चेपून ठेवतं. वरच्या थरातली माती हवेच्या दाबानं चेपते, खोलवरची एकूण वजनानं. आणि सगळ्यात जास्त नुकसान होतं ते चाकाच्या पहिल्याच फेरीत. खोलवरचं वजन तुम्हाला लगेच कमी करता येणार नाही, पण हवा तर फुकट सुटते.

लोखंडी चाकाच्या ट्रॅक्टरला रबरी चाक आलं ते यासाठीच. अमेरिकेत अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीनं १९३२ मध्ये हवेच्या टायरवरचा ट्रॅक्टर विकायला काढला. टायर रानात पसरावा, दबावा, माती धरावी, हा त्यातला फायदा. तुम्ही तीस पौंड मारून त्याच टायरचं परत लोखंडी चाक करता.

उलट्या बाजूनंही अती नको. हवा फारच कमी झाली आणि नांगराला जोर लागला की रिम आतल्या आत टायरला सोडून फिरते आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून उपटतो. व्हॉल्व्ह तिरका दिसायला लागला की समजा, हेच चाललंय. रिमवर आणि टायरवर समोरासमोर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून ठेवा. रेघा एकमेकींपासून सरकल्या की हवा कमी आहे. काहीही खर्च नाही.

चाक किती घसरतंय हेही मोजता येतं. मागच्या चाकावर खूण करा, अवजार उचलून दहा फेऱ्यांत किती अंतर गेलात ते मोजा, मग अवजार जमिनीत घालून परत दहा फेऱ्या. रिकामा ४० मीटर गेला आणि नांगर लावून ३४ मीटर, म्हणजे ६ मीटर वाया, १५ टक्के घसरण. घट्ट रानात १० ते १५ टक्के ठीक मानतात. त्याच्या फार वर असेल तर डिझेलच्या नावानं पंपवाल्याला शिव्या देण्याआधी हवा आणि वजन बघा.

आता पेरणीचं ऐका, कारण हे कुणीच जोडून बघत नाही. डाव्या चाकाचं पंक्चर निघालं. त्यात अंदाजानं हवा भरली, धरा २० पौंड. उजव्यात महिनाभरापूर्वीची, आता ९ राहिलीय. टायर वेगवेगळे दबले, ट्रॅक्टर एका अंगाला कलला. ड्रायव्हर हुशार, तो उजव्या लिंकचं लेव्हलिंगचं हँडल फिरवून पेरणीयंत्र डोळ्यानं सरळ करतो. डोळ्याला दोन सेंटीमीटर कळत नाहीत. दोन चाकांमधलं अंतर १.४ मीटर आणि यंत्राची रुंदी २ मीटर असेल तर चाकापाशी दोन सेंटीमीटरचा फरक यंत्राच्या दोन टोकांत जवळजवळ तीन सेंटीमीटरचा होतो. सोयाबीन ३ ते ५ सेंटीमीटर खोल पडायला हवं. तुमच्या एका बाजूच्या ओळी ४ वर आणि दुसऱ्या बाजूच्या ७ वर. वरून पाऊस पडला, पापुद्रा धरला, खोल गेलेलं बी वर आलंच नाही. रानात पट्टे दिसायला लागतात, एक उगवलेला, एक विरळ. मग तक्रार जाते बियाणं बोगस निघाल्याची. पथक येतं, पंचनामा होतो, पिशवीचं लेबल तपासलं जातं, उगवणीची टक्केवारी निघते. बियाणं खरंच खराब असतं तेव्हा ही तक्रार करायलाच पाहिजे, मी त्याच्या आड नाही. पण पट्टे जर ट्रॅक्टरच्या फेरीच्या मापानं एकाआड एक पडले असतील, तर पिशवी तपासणाऱ्यानं बांधावरच्या ट्रॅक्टरची हवाही मोजायला नको का?

करून बघायचं तर सपाट फरशीवर ट्रॅक्टर उभा करा, दोन्ही खालच्या लिंक एका पातळीत आणा आणि मागच्या एक्सलची जमिनीपासूनची उंची दोन्ही बाजूंनी टेपनं मोजा. फरक दिसेल. दोन्ही चाकांत हवा सारखी करा, परत मोजा.

मीटरबद्दल एकच सांगतो. शून्य ते साठपर्यंतचा साधा गेज घ्या, काही शे रुपयांत मिळतो. टूलबॉक्समध्ये ठेवा आणि सकाळी थंड टायरवर मोजा, दुपारी रस्त्यावरून तापून आलेल्यावर नाही. पाणी भरलेल्या चाकाचा व्हॉल्व्ह वर आणून मोजा, नाहीतर मीटरात पाणी जातं. आणि पंक्चरच्या दुकानात एक वाक्य बोलायला शिका, "वेळ लागू दे, आतून बघ, गेटर लागत असेल तर लाव, आणि पैसे त्याप्रमाणं घे." हे वाक्य ऐकल्यावर त्या माणसाचा चेहरा बघा. त्याला काम येत नसतं असं नाही, नीट काम करायची मुभा आणि त्याचे पैसे त्याला कुणी देत नाही. जो ट्रॅक्टरला आठ-नऊ लाख मोजतो तो त्याच्याशी वीस रुपयांवरून घासाघीस करतो.

लिक्विड भरा आणि पंक्चर विसरा, अशी जाहिरात करणारेही गावोगाव फिरतायत. बारीक भोक आणि ट्यूबलेस टायर असेल तर ते काम करतं. आपले बहुतेक ट्रॅक्टर ट्यूबवाले, आणि आपली भोकं तुरीच्या भाल्याची. तिथं ट्यूब फाटते, लिक्विड आत पसरतं आणि नंतर त्या चिकट ट्यूबवर पॅच धरत नाही. घ्यायचं तर हे ऐकून घ्या.

राहिले कृषी शास्त्रज्ञ आणि अधिकारी मंडळी. तुमच्याबद्दल आदर आहे म्हणूनच बोलतो. बीबीएफवर व्याख्यानं झाली, माती घट्ट होण्यावर स्लाइड दाखवून झाल्या, खोल नांगरट, सबसॉयलर, सगळं सांगून झालं. सबसॉयलर ओढायला मोठा ट्रॅक्टर लागतो, तो परत माती चेपतो, पण त्याच्या चाकात हवा किती हवी हे सांगणारी एकही स्लाइड मी अजून बघितली नाही. पुढच्या शेतकरी मेळाव्याला शंभरेक ट्रॅक्टर बाहेर मैदानात उभे असतील. उद्घाटन, हार-तुरे, पाहुण्यांची ओळख याला दीड तास जातोच. तेवढ्या वेळात तुमच्याकडच्या चार विद्यार्थ्यांच्या हातात गेज द्या आणि प्रत्येक ट्रॅक्टरच्या चारही चाकांची हवा मोजून खडूनं टायरवर लिहायला लावा. डावं किती, उजवं किती. मालक जेवण करून बाहेर आला की आपल्याच टायरवरचे आकडे वाचेल. माझा ट्रॅक्टर पहिला उभा करतो, तुम्ही तारीख सांगा.